कोपनहेगनच्या चित्रशाळांतून

युरोपीय चित्रकलेच्या इतिहासाचे जे जाडजूड ग्रंथ आपल्या मोठ्या वाचनालयांतून आढळतात, त्यांची सूची उघडून पाहावी. इटली, फ्रान्स, हॉलंड, स्पेन यांच्यापुढें पृष्ठांकांच्या रांगा लागलेल्या दिसतील. डेन्मार्क हें नांव सांपडलेंच, तर त्यापुढें बहुधा एखाद-दुसरा आंकडा असावयाचा. आपल्या शालेय भूगोलांत तर डेन्मार्क म्हणजे लोणी आणि सहकारी दूधसंस्था! परंतु मुद्दाम जाऊन पाहावी अशी चित्रकलेची एक परंपरा त्या चिमुकल्या देशांत आहे, असें तेथें नोकरीस असलेला आमचा भाचा कित्येक दिवस सांगत होता, व गेल्या ज्येष्ठांत तो योग आला. प्रवासाचें वर्णन करून वाचकांस शिणवीत नाहीं. विमानांत बसलों व उतरलों, यापलीकडे आजच्या प्रवासांत सांगण्यासारखें उरलें आहेच काय?

कोपनहेगनांत आम्हांस प्रथम चकित केलें तें तेथील उजेडानें. ज्येष्ठांत तेथें रात्रीं दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, व मावळल्यावरही आकाश बराच वेळ विझत नाहीं. आपला सूर्य माथ्यावर येऊन आग ओततो. तेथला भर दुपारींही माथ्यावर चढत नाहीं, तिरपाच राहतो. त्यामुळें भिंतीची वीट न् वीट, खिडकीची चौकट न् चौकट निराळी उठून दिसते. पुढें जीं चित्रें पाहिलीं त्यांचा अर्धा खुलासा या उजेडांत आहे, म्हणून हें आधीं सांगितलें.

तेथील सरकारी चित्रसंग्रहालय १८९६ सालच्या एका भारदस्त इमारतींत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील डॅनिश चित्रांचीं दालनें हें त्याचें खरें भूषण. आमची भाचेसून बरोबर होती. ती व्यवसायानें हिशेबनीस, बोलण्यांत स्पष्ट. दोन दालनें फिरून झाल्यावर ती म्हणाली, “मामा, चित्रं सुंदर आहेत, पण ह्यांत कांहीं घडतच नाहीं. लढाई नाहीं, देव नाहीं, कोणी रडत नाहीं कीं हंसत नाहीं. तळं, छप्पर आणि खिडकी! ह्यांना इतिहासांत जागा मिळाली नाहीं तर नवल तें काय?” प्रश्न रास्त होता. मात्र त्याचें उत्तर चित्रांत शोधण्यापूर्वीं त्या देशाच्या बखरींत शोधावें लागतें.

१८०१ सालीं नेल्सनच्या आरमारानें कोपनहेगनच्या बंदरापाशींच डॅनिश जहाजांचा धुव्वा उडविला. १८०७ च्या सप्टेंबरांत इंग्रजांनीं शहरावर तीन रात्री तोफांचा व अग्निबाणांचा मारा करून मुख्य प्रार्थनामंदिर जाळलें आणि उरलेलें आरमार ओढून नेलें. त्याच मोहिमेंत क्योगे गांवाजवळ डॅनिश फौजेचा मोड करणारा सेनानी कोण? तर चारच वर्षांपूर्वीं असईच्या रणांत शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा आर्थर वेल्स्ली! पेशवाईच्या उत्तरकाळाचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांस ह्या गृहस्थाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १८१३ त डॅनिश सरकारचें दिवाळें वाजलें, १८१४ त नॉर्वे हातचा गेला. पुढें पन्नास वर्षांनीं, १८६४ सालीं, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे प्रांतही हिरावून घेतले. ह्या दोन आपत्तींच्या मधला जो काळ, त्यालाच डॅनिश लोक आपलें सुवर्णयुग म्हणतात! २०१९ सालीं याच संग्रहालयानें त्या काळांतील चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हां प्रदर्शनाच्या नांवांतच ‘दोन आपत्तींमधली’ असे शब्द घातले होते.

तेव्हां ज्यांच्या चित्रांत कांहीं घडत नाहीं, त्यांच्या शहरावर आग बरसून गेली होती. राज्य आंखडलें, पैसा आटला, राजवाड्यांच्या छतांवर वीरकथा रंगविण्याचे दिवस सरले. उरलें तें घर, तटबंदी, तळें, मित्रांचे चेहरे. तेंच या मंडळींनीं इतकें निरखून पाहिलें कीं तसें निरखणें हाच त्यांचा धर्म झाला.

हा धर्म घालून देणारा आचार्य म्हणजे क्रिस्तोफर विल्हेल्म एकर्सबर्ग. जन्म १७८३ चा, श्लेस्विगांतला, बाप सुतार. पॅरिसमध्यें दाविदच्या हाताखालीं शिकून, रोममध्यें तीन वर्षें काढून तो परतला व १८१८ पासून कोपनहेगनच्या कलापीठांत प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना घेऊन तो उघड्यावर चित्रें काढावयास जाई, यथार्थदर्शनाच्या शास्त्रावर त्यानें पुस्तकें लिहिलीं, आणि रोजची हवा कशी होती हें तो दैनंदिनींत नेमानें टिपून ठेवी. त्याचें १८१५ सालचें एक चित्र येथें आहे. रोमच्या कलोसियमच्या तीन कमानींतून पलीकडचें शहर दिसतें, एवढाच विषय. आकार जेमतेम हातभर. धोंडा न् धोंडा मोजून घ्यावा असें तें रेखाटन. परंतु गंमत अशी कीं एका जागीं उभें राहून त्या तिन्ही कमानींतून तीं तीन दृश्यें दिसत नाहींत. चित्रकारानें जागा बदलून तीं पाहिलीं व एकत्र बसविलीं. मनुष्य सत्यवादी खरा, पण सत्याची मांडणी स्वतः करणारा!

त्याचा शिष्य क्रिस्टेन क्योब्के आम्हांस गुरूहूनही थोर वाटतो. तो १८१० सालीं जन्मला. बाप किल्ल्याच्या फौजेला पाव पुरविणारा भटारी. त्याचें सोर्टेडाम तलावाचें १८३८ सालचें चित्र दीड हात रुंदीचें आहे. लांकडी धक्क्यावर दोन बायका पाठमोऱ्या उभ्या, शेजारीं निशाण, पाण्यावर नाव, संध्याकाळ. नाव येत आहे कीं जात आहे हें चित्रकार सांगत नाहीं, व तें विचारण्याचें आपल्याही मनांत येत नाहीं, इतकें त्या उतरत्या उजेडानें मन भरून जातें. संग्रहालयापासून तो तलाव चालत जाण्यासारखा आहे. आम्ही त्याच सायंकाळीं तेथें गेलों. आतां कांठानें चारपांच मजली घरें उभीं आहेत, वाटेनें तरुण मंडळी धांवण्याचा व्यायाम करीत असतात, धक्का नाहीं कीं शेत नाहीं. पाण्यावरचा उजेड मात्र तोच. याच क्योब्केनें आपल्या घरच्या जेवणघरासाठीं फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याचें एक मोठें चित्र काढलें, त्यांत किल्ला जवळजवळ नाहींच! छपराचा एक कोपरा, एक लहान मनोरा आणि वर आकाशच आकाश. १८४६ सालीं कलापीठानें त्याला सभासदत्व नाकारलें, व दोन वर्षांत, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, तो वारला. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें त्याच्या चित्रांचें स्वतंत्र प्रदर्शन मांडलें तें २०१० सालीं.

इतिहासकारांचें माप असें असतें कीं पॅरिसला नवें काय निघालें व इतरांनीं तें किती वर्षांनीं उचललें. या मापानें क्योब्केला स्थान नाहीं, कारण त्यानें कोणताही पंथ काढला नाहीं. पण त्याच ग्रंथांतील हिशेब बारकाईनें तपासला, तर कांहीं रकमा भलत्याच खात्यावर पडलेल्या दिसतात. जर्मन भावविलासी चित्रकलेचा शिरोमणि कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख १७९४ पासून चार वर्षें शिकला तो कोपनहेगनच्या कलापीठांत. त्याच्यामागून फिलिप ओटो रुंगे आला तोही तेथेंच. फ्रेंच म्हणून गाजलेला कामीय पिसारो १८३० सालीं सेंट टॉमस बेटावर जन्मला. तें बेट डॅनिश, त्यानें नोकरीधंदा सोडून कुंचला धरला तो फ्रिट्झ मेल्बी या डॅनिश चित्रकाराच्या संगतीनें, आणि मरेपर्यंत तो कायद्यानें डॅनिश प्रजाजनच राहिला. आमच्या हिशेबनीस सूनबाईंना हा मुद्दा तत्काळ पटला.

पण सेंट टॉमसचें नांव निघालें म्हणजे तिच्या आक्षेपाला दुसऱ्या बाजूनें बळ येतें. वेस्ट इंडीजमधील त्या डॅनिश बेटांवर १८४८ पर्यंत गुलामगिरी होती. कोपनहेगनांतील कित्येक वाडे साखरेच्या पैशांवर उभे राहिले. छपराची कौलें मोजणाऱ्या सुवर्णयुगाच्या चित्रांत त्या बेटांचा मागमूस जवळजवळ नाहीं. मौन संयमाचें असतें तसें सोयीचेंही असतें, आणि एकाच भिंतीवर दोन्ही शेजारीं शेजारीं टांगलेलीं असूं शकतात. आमची या चित्रांवरील भक्ति त्यामुळें उणी होत नाहीं, पण ती डोळे मिटून करतां येत नाहीं.

सुवर्णयुगानंतरच्या पिढ्यांत व्हिल्हेल्म हामरशॉय हा एक विलक्षण पुरुष. त्याचीं उत्तम चित्रें पाहण्यास शहराबाहेर ऑर्ड्रुपगॉर येथें जावें. विल्हेल्म हान्सेन नांवाच्या विमा कंपनीच्या संचालकानें आपल्या बंगल्यांत डॅनिश व फ्रेंच दोन्ही चित्रें जमविलीं. आतां तें सार्वजनिक संग्रहालय आहे. तेथें १९०० सालचें एक चित्र आहे: रिकामी खोली, बंद दार, खिडकी, आणि तींतून तिरपें येणारें ऊन, ज्यांत धूळ तरंगते. खुर्ची नाहीं, माणूस नाहीं. ही खोली चित्रकाराच्या राहत्या बिऱ्हाडांतली, स्ट्रँडगेड ३० येथील. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असें आम्ही वर्गांत थट्टेनें सांगत असूं. हामरशॉय त्या कुळांतला. १८८५ सालीं त्यानें काढलेल्या बहिणीच्या तसबिरीला पारितोषिक नाकारण्यांत आलें व सहकारी चित्रकार खवळले. १८९१ मध्यें स्वतंत्र प्रदर्शनाची जी संस्था निघाली तिच्या मुळाशीं ही चीड होती. १९१६ त तो वारल्यावर जगास त्याचा बराच काळ विसर पडला. आज पॅरिस, लंडन, तोक्यो येथें त्याचीं प्रदर्शनें भरून गेलीं आहेत. ह्या उशीरा आलेल्या कीर्तीमुळें थोडा अतिरेकही झाला आहे असें आमचें मत आहे. करड्या रंगाचीं तींच तीं दारें एका दिवसांत वीस पाहिलीं कीं मनुष्य गुदमरतो.

त्यावर उतारा म्हणून शेवटच्या आठवड्यांत आगगाडीनें स्कागेनला गेलों. डेन्मार्कचें हें अगदीं उत्तरेचें टोंक. पुढें वाळूची जीभ, आणि तिच्या अग्रावर दोन समुद्रांच्या लाटा एकमेकींवर आदळतात. १८७० नंतर येथें चित्रकार उन्हाळ्यांत येऊन राहूं लागले. त्यांतील क्रॉयर व मिकाएल आंकर यांचीं कोळ्यांचीं व समुद्रकांठचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. पण बाहेरून आलेल्या या मंडळींत त्या गांवची अशी एकच, खानावळवाल्या ब्र्योंडुम यांची मुलगी अॅना. मिकाएल आंकरशीं तिचें लग्न झालें. कलापीठाचे दरवाजे स्त्रियांना १८८८ पर्यंत बंद होते, म्हणून ती खासगी शाळेंत शिकली. तिच्या १८९१ सालच्या चित्रांत निळ्या भिंतींची खोली आहे, तींत तिची आठ वर्षांची लेक पाठमोरी बसून विणीत आहे, आणि खिडकींतून आलेलें ऊन भिंतीवर व जमिनीवर पसरलें आहे. हामरशॉयचें ऊन थंड, हिचें ऊबदार. खोली गजबजलेली नाहीं, तरी घर भरलेलें वाटतें. ही खोली अॅनाच्या आईची, हें कळल्यावर तर अधिकच.

त्या खानावळीचें जेवणघर शेजारींच पाहावयास मिळतें. चित्रकारांनीं एकमेकांच्या तसबिरी काढून भिंतीच्या लांकडी तावदानांत बसविल्या होत्या. तावदानांसकट तें सारें दालन १९४६ सालीं उचलून संग्रहालयांत आणलें. तसबिरींतले चेहरे ओळखतां ओळखतां वेळ कसा गेला कळलें नाहीं. पहारेकरीणबाई बंद करण्याची वेळ झाली म्हणून सांगावयास आल्या, तेव्हां बाहेर अजून लख्ख ऊन होतें.