एका घरात दोन काविळी

2012च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. हजारो लोक आजारी पडले. आमच्या घरात धाकटे भावजी पडले. आधी बारीक ताप आणि मळमळ. भाकरीचा वास आला तरी उठून जायचे. मग लघवी गडद पिवळी झाली आणि डोळेही.

शेजारणी म्हणाल्या, "डॉक्टरकडं काय ठेवलंय? माळ घाला." सासूबाईंनी माळ घातलीच. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, त्यामुळं माळेला यश मिळतंच. आम्ही दवाखानाही सोडला नाही. रक्तात हिपॅटायटिस ई निघाला. ए, बी, सी काही नव्हतं. डॉक्टरांनी फार औषधं दिली नाहीत. विश्रांती घ्या, दारू नको, मनानं पेनकिलर नको आणि जाईल ते खा, एवढंच. हळद-तेल बंद करायची गरज नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं, तरी सासूबाईंनी बिनहळदीचं वरण चालूच ठेवलं.

डॉक्टरांना भावजींपेक्षा जाऊबाईंची काळजी जास्त. त्यांना सातवा महिना होता. ए आणि ई दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून होतात, पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईला ई झाला तर जिवावर बेतू शकतं. लिव्हर निकामी होतं. त्यांना माहेरी पाठवलं. पण जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागू शकतात, त्यामुळं तिथंही लिव्हरची तपासणी चालू ठेवायची होती. मी रोज फोन करायची. फोन लगेच उचलला नाही की माझे हातपाय गळायचे. इकडं पाणी चांगलं उकळून घ्यायचं आणि पिंपात नवं पाणी भरण्याआधी तळ घासायचा, हे काम माझ्याकडं होतं.

जाऊबाईंना काही झालं नाही. पावसाळा संपता संपता मुलगी झाली. भावजी तोवर कामाला लागले होते.

गणपतीत ह्यांनी रक्तदान केलं. नंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं. ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, जेवण नेहमीसारखं. मला आधी अहवालच चुकीचा वाटला. सहा महिन्यांनी परत तपासलं, तेव्हाही तेच निघालं.

बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. घरातल्या सगळ्यांनी रक्त दिलं. सासूबाईंनाही बी निघाला. "माझ्यामुळंच का रं?" एवढंच त्या ह्यांना म्हणाल्या. ह्यांच्या जन्माच्या वेळी बीची लस कुठं होती? मी निगेटिव्ह निघाले आणि तीन डोस घेतले. जाऊबाईंच्या मुलीला पहिला डोस जन्मल्या दिवशीच मिळाला होता.

आजारी भावजींच्या ताटात सगळे जेवले होते. आता एका नातेवाइकांनी ह्यांना चहा वेगळ्या कपात दिला. खरं तर बी उष्ट्यातून होत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढं वेगळं हवं. मी तो कप उचलून सगळ्यांच्या कपांत ठेवला. राग आला होता.

ह्यांना अजून गोळी लागलेली नाही. दर सहा महिन्यांनी एसजीपीटी आणि सोनोग्राफी होते. विषाणू किती आहे तेही बघतात. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथल्या रांगेत डायलिसिसवर असलेले एक काका भेटले. त्यांना सी झाला होता. बारा आठवडे गोळ्या घेऊन तो पूर्ण गेला. सीला लस नाही, पण औषधानं तो बरा होतो. बीला लस आहे, पण एकदा ठाण मांडून बसला की सहसा जात नाही. डी तर बी असलेल्यालाच होतो, म्हणून ह्यांची तीही तपासणी झाली. नाही निघाला.

दात काढायचा असला की हे आधी डॉक्टरांना सांगतात. एकानं पुढची तारीख देऊन टाळलं. दुसऱ्यानं हातमोजे चढवले आणि म्हणाला, "बसा."