जुन्या विमानांची ओळख

टपालाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणारे गृहस्थ आमच्या वाचकांच्या परिचयाचे असतीलच. परंतु छायाचित्र पाहून जुनें विमान कोणत्या जातीचें व कोणत्या काळचें हें ओळखण्याचा छंद थोड्यांनाच ठाऊक असेल. राळेगांवासारख्या कापसाच्या गांवीं, जेथें विमान म्हणजे आकाशांतील एक दूरचा आवाज, तेथें तो आम्हांस जडला याचें लोकांस नवल वाटतें. वास्तविक त्यास विमानतळ लागत नाहीं. एक भिंग व पुष्कळशी चिकाटी एवढ्यावर भागतें. पंख धडाच्या वर कीं खालीं, इंजिनें किती, तिसरें चाक नाकाखालीं कीं शेपटाखालीं, येथूनच निम्मी जातकुळी कळते.

आमच्या माजघरांत आजोबांचें एक छायाचित्र आहे. मागें काळोख, प्रकाशाच्या झोतांत कोट, धोतर व टोपी अशा वेषांत आजोबा उभे, पाठीशीं विमानाचा शेपटाकडील भाग. खालीं कै. काकांच्या हातची ओळ: 'टाटांचें पहिलें विमान, सन १९३२'. घरांतील मुलें ही ओळ वाचतच मोठीं झालीं.

भिंग लावतांच ती ओळ टिकेना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तें 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानांतून. त्यांत वैमानिकाखेरीज फार तर दोन माणसें मावत. छायाचित्रांतील विमानास तर खिडक्यांची रांग, शेपटाखालीं लहानसें चाक, आणि डाव्या कुशीस जीपगाडी सहज आंत जाईल एवढें दुपाखी दार! हें निःसंशय 'डकोटा'. या जातीचें पहिलें विमान अमेरिकेंत १७ डिसेंबर १९३५ रोजीं उडालें, आणि दुपाखी दार तर युद्धकाळीं लष्करी सामानासाठीं आलें. महायुद्ध संपल्यावर लष्करास नकोशीं झालेलीं अशीं विमानें आपल्याकडील कंपन्यांनीं विकत घेतलीं. धडावर 'व्ही टी' हीं मुलकी नोंदणीचीं अक्षरें आहेत. आजोबा मुंबईस कधीं गेले नाहींत. नागपूर मात्र नित्याचें. आणि नागपुरास जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल-सेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं तेथें एकत्र येत आणि टपालाचीं पोतीं बदलून माघारीं फिरत.

हें सांगावें कसें? आत्याबाई नव्वदीच्या उंबरठ्यावर. 'अण्णांचें विमान' ही त्यांची ठेव. आमचें सगळें बोलणें त्यांनीं निमूटपणें ऐकलें व एकदम म्हणाल्या, "अरे, मग मी होतें कीं तिथें! अण्णांनीं झोंपेंतून उठवून नेलें होतें. माणसें पोतीं उतरवीत होतीं, वाऱ्यानें माझा परकर फडफडत होता. घरीं सांगितलें तर भाऊ म्हणे, विमान तुझ्या जन्माआधींचें, तुला स्वप्न पडलें असेल!"

भाऊ म्हणजे आमचे काका. त्या एका ओळीपायीं आत्याबाईंनीं आपली खरी आठवण जन्मभर स्वप्न म्हणून बाळगली.

काकांची ओळ त्यांनीं खोडूं दिली नाहीं. तिच्याखालीं दुसरी लिहवून घेतली: 'नागपूर, रात्रीचें टपाल. डकोटा.' साल घालतां आलें नाहीं. 'व्ही टी' पुढील तीन अक्षरें मिळतीं तर नोंदींवरून नेमकें विमान शोधतां आलें असतें. पण तीं आजोबांच्या खांद्याआड गेलीं आहेत. आत्याबाई हल्लीं भिंग घेऊन बसतात आणि म्हणतात, "अण्णा हातभर बाजूला सरकते तर काय बिघडलें असतें!"