मुक्काम पोस्ट परगाव

जालन्याच्या मोंढ्यात एके काळी मुक्कामाची जागा शोधावी लागत नसे. मंठा-परतूरकडून बैलगाडीत ज्वारी नाहीतर कापूस घालून आलेला शेतकरी रात्री आडत दुकानाच्या ओट्यावर पथारी टाकायचा. माल तिथंच, बैल तिथंच, सकाळचा सौदाही तिथंच. शिदोरी सोडायची, शेजारच्या गाडीवानाला ठेचा द्यायचा, त्याच्याकडचं कोरड्यास घ्यायचं आणि कुणाच्या शिवारात पाऊस किती झाला, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, हे ऐकत झोपायचं. काम आणि मुक्काम एकाच ओट्यावर असायचे.

आता जालन्याची माणसं कामासाठी फार लांब जातात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हापासून बियाण्यांच्या धंद्यातल्या घरांना बँकॉक आणि तैवान ही नावं परकी राहिलेली नाहीत. भंगार वितळवून बिलेट ओतणारे आणि त्याची सळई काढणारे दुबईला जातात, जर्मनीला जातात. मुंबईपर्यंतचा रस्ताही सोपा झाला आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. तिकीट ठरतं, विमान ठरतं, भेटीची वेळ ठरते. गाडी अडते ती एका प्रश्नापाशी. राहायचं कुठं?

जून २०२३ मध्ये ड्यूसेलडॉर्फला मेटेक आणि तिच्या जोडीची तीन प्रदर्शनं भरली होती. पोलाद, ओतकाम, भट्ट्या यांची ही प्रदर्शनं चार वर्षांतून एकदा एकत्र येतात. त्या पाच दिवसांत जगभरचे भट्टीवाले आणि मिलवाले ऱ्हाइन नदीकाठच्या त्या एका शहरात उतरतात. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचा मेंटेनन्स इंजिनिअर त्यांच्यातच होता. पहिलाच परदेश प्रवास. त्याच्या नावावरची पहिली खोली निघाली ती व्हिसासाठी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो, तसा मुक्कामाचा पुरावाही. ज्या शहराचा एक रस्ता पाहिलेला नाही, तिथं कुठं झोपणार हे आधी लिहून द्यायचं! एजंटानं प्रदर्शनाशेजारची एक खोली घेतली आणि कागद जोडला. पुढे कंपनीच्या अकाउंट विभागानं तिचा दर पाहिला, तेव्हा दुसरी जागा शोधायला सांगितलं.

मग तो नकाशा घेऊन बसला. प्रदर्शनाची दालनं शहराच्या उत्तरेला, विमानतळाजवळ. तिथले दर त्या आठवड्यात आवाक्याबाहेर गेलेले. आल्टश्टाट म्हणजे जुन्या शहरात एक खोली दिसली, पण तो भाग बिअरच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आणि आठवड्याच्या शेवटी तिथं मध्यरात्र उलटून जाईपर्यंत वर्दळ असते. कोलोन चाळीस किलोमीटरवर. उरलं ड्यूसबुर्ग. ड्यूसेलडॉर्फपासून पंचवीसेक किलोमीटर, रेल्वेनं पाव तास, स्टेशनजवळ साधी पण स्वयंपाकाचा कट्टा असलेली खोली आणि दर परवडणारा. त्यानं ती घेतली, पण मनातून नाही. काम जालन्यात आणि मुक्काम बदनापूरला, तसं त्याला वाटलं. बरोबरच्या लोकांच्या खोल्या प्रदर्शनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या आणि त्यांना तो पत्ता सांगताना त्याला कमीपणा वाटला.

तो उतरला रविवारी. जर्मनीत कायद्यानंच रविवारी दुकानं बंद असतात, अगदी किराण्याचीसुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं मात्र उघडी मिळतात. ज्यांच्या खोल्या दालनांच्या शेजारी होत्या त्यांना त्या दिवशी पाण्याच्या बाटलीसाठीही फिरावं लागलं. स्टेशनजवळ राहिलेल्या या माणसाला दूध, पाव, टोमॅटो मिळाले. घरच्या शिदोरीत धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती. आईनं बांधून दिलेलं तूप मात्र निघण्याआधीच डब्यातून काढावं लागलं होतं, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तवा तापला, धपाटे गरम झाले आणि पहिल्या रात्रीचा परकेपणा बराचसा ओसरला.

त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं ती गोष्ट उजेडाची. जूनमध्ये जालन्यात सात वाजून गेले की दिवस बुडतो. तिथं पावणेदहाला बुडत होता. प्रदर्शन सहाला संपायचं आणि पुढे जवळजवळ चार तास लख्ख उजेड. दालनांशेजारी राहिलेल्यांच्या खिडकीबाहेर रुंद रस्ते होते, कचेऱ्या होत्या, गाड्यांच्या रांगा होत्या. ते खोलीत मोबाइल पाहत बसले. हा तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये बसून ड्यूसबुर्गच्याच माइडरिश भागात गेला.

तिथं थिसेनचा जुना लोखंड कारखाना उभा आहे. १९८५ मध्ये त्याच्या भट्ट्या विझल्या. शहरानं तो पाडला नाही. लँडस्केप आर्किटेक्ट पेटर लात्स यांनी आहे त्या सांगाड्याभोवती उद्यान आखलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. रात्रंदिवस उघडं, तिकीट नाही. वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून तिथं पाणबुडे शिकतात. खनिज साठवायच्या कोठारांच्या भिंतींवर मुलं दोर लावून चढतात. आणि पाच नंबरच्या झोतभट्टीवर जिन्यानं माथ्यापर्यंत जाता येतं.

जालन्याचा हा माणूस आयुष्यभर भट्टीजवळ राहिला, पण झोतभट्टी त्यानं पुस्तकातच पाहिली होती. जालन्यात खनिजापासून लोखंड होत नाही. तिथं विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेट लालबुंद होऊन रोलमधून धावतं आणि सळई बनून थंड व्हायला पसरतं. इथं त्यानं गंजलेले गरम हवेचे नळ हातानं चाचपले. रस ओतायच्या जागेसमोर उभं राहून पाळीवर किती माणसं लागत असतील याचा हिशोब केला. वर चढल्यावर खाली झाडं दिसली, सायकली दिसल्या, मूल खांद्यावर घेतलेला एक बाप दिसला. त्याच्या गावाकडे मिल बंद पडली की तिची यंत्रं भंगार म्हणून तोलली जातात आणि कुणा शेजाऱ्याच्या भट्टीत जातात. काही महिन्यांनी तिथं काय होतं हे सांगायलाही खूण उरत नाही. ज्या हातांनी तिथं वीस-वीस वर्षं पाळ्या केल्या त्यांच्या मुलांना दाखवायला काही राहत नाही. हे त्याला त्या जिन्यावर फार लागलं. नऊ वाजता तो खाली उतरला तेव्हाही ऊन होतं.

प्रदर्शनात त्याला रोलचं बेअरिंग पुरवणारे तीन जण भेटले, दर मिळाले, माहितीपत्रकांची पिशवी भरली. ते काम कुठंही राहून झालं असतं. माइडरिशची संध्याकाळ मात्र त्या न आवडलेल्या खोलीमुळे मिळाली.

कंपन्यांच्या प्रवास अर्जात राहण्याच्या जागेसाठी बहुधा दोनच गोष्टी विचारल्या जातात. दर किती आणि अंतर किती. त्या चुकीच्या नाहीत. यंत्र बसवायला, चालू करून द्यायला गेलेल्या माणसाला रात्री दोनला कारखान्यातून फोन येतो, तेव्हा चालत पोचता येईल अशीच खोली हवी. पण सभा, प्रदर्शन, प्रशिक्षण अशा कामांत दिवस दुसऱ्याच्या हातात असतो आणि माणसाच्या हातात उरते ती संध्याकाळ. ती कुठं जाणार हे खोली ठरवते, आणि तेवढंच कुणी विचारत नाही.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर बदनामीचा दावा लढवायला लोकमान्य टिळक १९१८ मध्ये लंडनला गेले. ते मेडा व्हेलमधल्या १० हाउली प्लेस या घरात राहिले. १९१९ च्या सुरुवातीला दावा हरले, तरी त्या वर्षाचा बराचसा काळ ते होमरूलच्या कामासाठी तिथंच थांबले. लोकांना येऊन भेटता यावं अशा कामाला हॉटेलची खोली पुरत नाही, घरच लागतं. थोड्याच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी ज्या घरात राहिले तेही दहा नंबरचंच, १० किंग हेन्रीज रोड. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. भाड्याच्या खोलीला एवढा मान क्वचित मिळतो.

आणि राधाबाई वनारसे. यवतमाळकडच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, आणि नशिबानं त्या थेट लंडनला जाऊन पडल्या. तिथं वैधव्य आलं. त्यांनी गोल्डर्स ग्रीन भागात खोल्या भाड्यानं द्यायला आणि लोकांना जेवायला घालायला सुरुवात केली. सगळे त्यांना आजीबाई म्हणत. सरोजिनी वैद्य यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ मराठी वाचकांना परिचित आहे. गोल्डर्स ग्रीनला भुयारी रेल्वे १९०७ पासून आहे, म्हणजे सकाळी शहराच्या पोटात जाता येई आणि रात्री वरण-भातापाशी परतता येई. तिथं उतरलेल्या माणसाला नकाशा पाहावा लागत नसणार. कुणीतरी चिठ्ठी दिलेली, पत्ता सांगितलेला. मोंढ्यातल्या ओट्यासारखंच ते, फक्त सातासमुद्रापार, आणि ओटा सांभाळणारी एक बाई.

असा ओटा मिळाला की परगावाची भीती जाते. पण त्याच्यावरून उठायला मनही होत नाही. दुबईत जेबेल अलीला काम असलेली आपली माणसं मेट्रोच्या लाल मार्गानं रोज बर दुबईला परततात, कारण तिथं थाळी मिळते आणि गल्लीत मराठी कानावर पडतं. आठवडाभर कष्ट करून आलेल्या माणसाला त्याची गरज असते, ती कमी लेखू नये.

जालन्याच्या बियाणे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईंची कसोटी वेगळीच आहे. बँकॉकला निघण्याआधी त्या स्टेशन ते हॉटेलचं दार हे अंतर पाहतात आणि स्वतःला एकच गोष्ट विचारतात: रात्री नऊला एकटीनं चालता येईल का? गल्लीत दिवे आहेत का, खाली रात्रभर कुणी बसलेलं असतं का, खोली तळमजल्यावर तर नाही ना. दर त्याच्यानंतर. पुरुष सहकाऱ्यांनी सुचवलेली स्वस्त जागा त्यांनी दोनदा नाकारली आणि खर्चाचा खुलासा लेखी दिला. असा खुलासा कुणाही बाईकडून मागितला जाऊ नये, तो मागणाऱ्यानं आधी त्या गल्लीतून चालून यावं. बँकॉकमध्ये त्या पिवळं निशाण शोधतात. त्यावरचा ‘जे’ हा थाई शब्द म्हणजे मांस, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. त्यांच्या जैन मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती पुढच्या दौऱ्याला आपणहून तयार झाली.

पुढचं मेटेक जून २०२७ मध्ये आहे. मिलमधला एक नवा मुलगा जाणार आहे. त्यानं जुन्या इंजिनिअरला गाठलं आणि मोबाइलवर तीन हॉटेलं दाखवली.

“दादा, यातलं कोणतं घेऊ? हे पहिलं तर दालनांना अगदी चिकटून आहे.”

इंजिनिअरनं तिन्ही फोटो पाहिले, मोबाइल परत दिला.

“रात्री किती वाजता जेवतोस तू?” त्यानं विचारलं. “आणि जेवण झाल्यावर काय करतोस?”