कावळा शिवेपर्यंत

घोडेगाव, ता. आंबेगाव

चि. भाचेबुवांस,

तुझी पटकथा एका बैठकीत वाचून काढली. बायको गेलेला माणूस, भीमाशंकरच्या वाटेवरचा एकाकी बंगला आणि डोळे मिटायला लावून, गेलेल्या बायकोशी बोलायला लावणारा डॉक्टर. भीती चांगली जमली आहे, पण ती नको त्या जागी बसली आहे. उपचार विचित्र म्हणून तो भयंकर, असं तू धरून चालला आहेस.

तसा उपचार खरोखर आहे, आणि तो मान्यताप्राप्त आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. कॅथरीन शिअर यांनी वर्षानुवर्षं न ओसरणाऱ्या दुःखासाठी १६ बैठकांची पद्धत बसवली. रुग्णाने डोळे मिटून मृत्यूची बातमी कळली तो क्षण सांगायचा, ते ध्वनिमुद्रण घरी नेऊन ऐकायचं. पुढे, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवाद. त्याच्या वतीने उत्तरंही आपणच द्यायची. मग तुझ्या डॉक्टरात आणि यात फरक काय? इथे बैठका मोजलेल्या असतात आणि एखाद्या बैठकीला रुग्णाचं जवळचं माणूस मुद्दाम बोलावतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी तर आणखी सावध आहे: सहा महिने उलटल्याशिवाय आणि त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेल्याशिवाय दुःखाला आजार म्हणायचं नाही.

आता आपली रीत बघ. जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला किती माणूस लोटतं ते तू लहानपणी पाहिलं आहेस. घाटावर मंडप, कर्णा, महाराजांचं प्रवचन, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. शहरातला पाहुणा नाक मुरडतो. पण पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की सगळी कुजबुज थांबते. कुणी म्हणतं, धाकटीच्या लग्नात जीव अडकला असेल. थोरला हात जोडून मोठ्याने बोलतो, "दादा, तिचं मी बघीन." तरी नाही. मग सगळ्यांच्या नजरा पाण्याच्या पाळीवरून अबोला धरलेल्या दोन भावांकडे वळतात. काहीच जमलं नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि माणसं जेवायला बसतात. कावळ्याला काय कळतं हा वाद बाजूला ठेव. दिलेला शब्द गावाने ऐकलेला असतो, तो मोडणं जड जातं. एवढा ताण तुझ्या अख्ख्या पटकथेत नाही.

माळीण गाव मात्र तू डॉक्टरच्या पूर्वायुष्यासाठी वापरलं आहेस, ते काढ. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, तेव्हा बाहेर कळलं. वाचलेल्यांत कामाला किंवा शिकायला बाहेरगावी असलेले बरेच. ज्यांनी दहाव्याला उभं राहायचं, तेच एका वेळी गेले. शब्द द्यायचा कुणी आणि ऐकायचा कुणी? २०१७ साली आमडे इथे नवी घरं मिळाली, पण तुटलेला गोतावळा सरकारला बांधून देता येत नाही. असं एकटं पडलेलं दुःख तुझ्या डॉक्टरला हवंच असतं, हे खरं. तरी ती माणसं तिथेच राहतात. त्यांचं नाव करमणुकीत नको. गाव काल्पनिक घे.

विचित्र आणि भयंकर यांच्यातली रेघ कायद्यानेही अशीच ओढली आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याने घाटावरचे धार्मिक विधी गुन्हा ठरवले नाहीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणारा, दैवी शक्तीच्या नावावर लुबाडणारा त्याने धरला. रीत चमत्कारिक आहे की नाही हे न पाहता त्यात माणसाचं काय होतं ते पाहिलं.

म्हणून डॉक्टरची पद्धत सौम्य कर, हवं तर शिअरबाईंचीच दे. त्याचा आवाज मऊ असू दे. पहिल्या आठवड्यात त्याने नायकाच्या बहिणीला परत पाठवावं, दुसऱ्यात फोन काढून घ्यावा आणि प्रत्येक बैठकीअखेर "अजून थोडंच राहिलं" म्हणावं. साक्षीदार नाही आणि शेवट नाही, एवढ्यावर प्रेक्षक घाबरेल; बंगल्यातल्या करकरणाऱ्या दारांची गरज नाही. त्या बहिणीला तू जेमतेम दोन प्रसंग दिले आहेस. गोष्ट तिच्या बाजूने लिहून बघ आणि नवा खर्डा मला पाठव.

तुझा,
मामा