पाणी उतरलेला मणी

पौषातली सकाळ. माळशिरस तालुक्यातल्या गारवाडच्या मुरमाड माळावर मी उभी होते. दूरवर करड्या टेकड्या, त्यांच्यापलीकडे पावसाची वाट बघण्यातच आयुष्य गेलेला माणदेश, आणि मध्येच तारांवर ओढून धरलेल्या द्राक्षवेलींच्या हिरव्या ओळी. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेल्या एका बाईंनी पान बाजूला सारलं. म्हणाल्या, "बघा की, पाणी उतरलंय मण्यात."

एकाच घडात काही मणी ओल्या हरभऱ्यासारखे हिरवे, काहींवर जांभळी धूसर साय, आणि अगदी खाली एक, रात्र पिऊन बसल्यासारखा काळसर. तोच तोंडात टाकला. साल पातळ, आधी झणझणीत आंबट, मग बियांचा तुरटपणा, आणि सगळं संपल्यावर घशाशी जरासा गोडवा.

सांजोवेझे.

टस्कनीचं द्राक्ष हे. इटलीतले सेक्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन घरच्या भावांनी ते या माळावर आणलं. नावाचा अर्थ सांगतात 'जोव्हचं रक्त'. जोव्ह म्हणजे ज्यूपिटर, आपल्या वेदांतला द्यौष्पितर, आकाशबाप. मी उज्जैनची. मला हे नाव परकं वाटलंच नाही. शिवाच्या घामाचा थेंब जमिनीवर पडला आणि त्यातून तांबडा मंगळ उपजला, ही मंगळनाथाची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकत मी मोठी झाले. आणि काळभैरवाच्या गाभाऱ्यात, शेंदराने माखलेल्या त्या मुखाशी पुजारी दारूची बशी तिरपी धरायचे, तेव्हा मी श्वास रोखून बघायची, बशीतली पातळी हळूहळू खाली जायची, आणि शेंदूर, झेंडू, दारू यांचा एकच दाट वास घरी परतल्यावरही केसांत राहायचा.

पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' ग्रंथ आमच्या गावाला ओझेने म्हणतो. तिथून अकीक आणि मलमल भडोचच्या बंदरात उतरायची, आणि त्याच बंदरात समुद्रावरून दारू यायची, त्यातही पसंती इटलीच्या दारूला. ती माळवा चढून क्षिप्रेपर्यंत आली का, कोण जाणे. पण संध्याकाळी रामघाटावर दिवे पाण्यात थरथरू लागले, की मला उगाचच वाटतं, एखाद्या सार्थवाहाच्या बैलगाडीत एक मातीचा कुंभ हिंदकळतो आहे, आणि त्यात कुठल्यातरी परमुलखाच्या टेकडीवरचं ऊन आहे.

आता ते ऊन नाही, वेलच आली आहे. तिकडे हिवाळ्यात तिची पानं गळतात, ती गाढ झोपते, वसंतात जागी होते आणि वर्षातून एकदा, पानगळ सुरू होता होता, फळते. इथे बर्फ नाही, गारठ्याची लांब रात्र नाही. इथे चैत्राच्या सुमारास खरड छाटणी, आश्विनाच्या सुमारास गोडी छाटणी, काडीवरचे डोळे पुन्हा पुन्हा फुटायचे, आणि तोडणी यायची ती फाल्गुनाच्या उन्हात, जेव्हा तिच्या माहेरच्या वेली उघड्याबोडक्या निजलेल्या असतात.

तिला इथे झोप नाही.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात गेले. आजी पुरणपोळीही करायची आणि दाल-बाफलेही, आणि ओव्या म्हणताना तिच्या मराठीत मालवीचा असा काही हेल यायचा, की पुण्याहून आलेले पाहुणे एकमेकांकडे बघत. तेव्हा मला लाज वाटायची. आज त्या हेलासाठी कान आसुसतात, आणि तो मला कुठेच ऐकू येत नाही. फक्त कधीतरी, बेसावध क्षणी, माझ्याच बोलण्यात.

"तुम्ही कुठल्या?" बाईंनी ठिबकची नळी सरळ करत विचारलं.

"उज्जैनची."

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट बघितलं. "आन् मराठी बोलताय की चांगलं!"

मी हो म्हटलं. जिभेवर अजून तो मणी आंबट होता.