फॅक्सने कधी लिपी विचारली नाही

सरकारी पत्रांच्या माथ्यावर दूरध्वनी क्रमांकाशेजारी फॅक्स क्रमांक अजूनही छापलेला दिसतो. मुलं विचारतात, "सर, फॅक्स म्हणजे काय?" तो टेलिफोनपेक्षा वयाने मोठा आहे म्हटलं, की त्यांना खरं वाटत नाही. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी विजेच्या तारेवरून कागदाची नक्कल पाठवण्याचं पेटंट १८४३ मध्येच घेतलं होतं. १८६५ मध्ये पॅरिस ते लिऑन अशी सेवाही सुरू झाली. मात्र ऑफिसाऑफिसांत फॅक्स पोचला तो १९८० नंतर, सगळ्या यंत्रांसाठी एकच मानक ठरल्यावर.

तारेत एकेक अक्षर सांकेतिक खुणांनी जाई. उर्दू मजकूर असेल तर आधी तो दुसऱ्या लिपीत उतरवावा लागे. फॅक्स अक्षर वाचतच नाही. कागदावर ओळीओळीने कुठे काळं, कुठे पांढरं, एवढंच तो पाहतो आणि पलीकडे तसंच उमटवतो. त्याला देवनागरी आणि नस्तालिक सारखीच. जपानमध्ये फॅक्स इतका टिकला, त्यामागेही हाताने लिहायच्या त्यांच्या लिपीची सोय आहे.

नव्वदीत गोंदियात एसटीडी-पीसीओच्या पाटीवर 'फॅक्स'ही लिहिलेलं असे. आमचे चाचा जेद्दाहला नोकरीला होते. दादींना उर्दूच लिहिता येई. त्यांच्या थरथरत्या हातचं 'खुदा हाफिज' जसंच्या तसं समुद्रापार जाई. उत्तर आलं की आधी झेरॉक्स काढायची, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जात.

फॅक्सची बाजू लंगडीही होती. पलीकडे यंत्र चालू हवं, कागद हवा, घेणारा माणूस हवा. २१ नोव्हेंबर २०१८ ला मेहबूबा मुफ्तींचं सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मूच्या राजभवनातल्या फॅक्सवर पोचलं नाही आणि त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं.

आताची यंत्रं मात्र वाचतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मुलीचं 'शेख' एका कागदावर इंग्रजी 'ए'ने, दुसऱ्यावर 'ई'ने निघतं. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे चार अक्षरांत आटोपलेलं. उर्दूत नाव एकच, पण संगणकाच्या लेखी ही दोन माणसं. मग प्रतिज्ञापत्र करा, बापाची दोन दिवसांची मजुरी बुडवा.

फॅक्स परत यावा असं मी म्हणत नाही. पण पहिलीत दाखला घ्यायला आलेल्या आईबापांना मी एक सांगतो: लेकराचं नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजीत एकाच कागदावर नीट लिहून ठेवा. कुठलाही फॉर्म भरताना तो कागद समोर ठेवा, आणि इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर जुळवूनच सही करा.