जुन्नरचा रुबाब, आंबेगावचा हिशेब

पुणे-मुंबई वाद तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज रंगत असेल. अर्जेंटिनाची माणसं फार शिष्ट, असं शेजारच्या चिलीत म्हणतात म्हणे. आमच्या घरातला सामना मात्र एकदम लोकल आहे : जुन्नर विरुद्ध आंबेगाव. बाबा नारायणगावचे, आई मंचरची. नाशिक हायवेने अर्ध्या तासाचा रस्ता, पण स्वभावांची वाटणी झालेली.

आईच्या मते जुन्नरकर म्हणजे नुसता रुबाब. खिसा रिकामा असला तरी शिवनेरी आमचा, नाणेघाट आमचा, अष्टविनायकांतले दोन गणपती आमचे! त्यात पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला आले, की बाबांची कॉलर आणखी ताठ. विठाबाई नारायणगावकरांचं नाव तर ते घरातली आत्या असल्यासारखं घेतात.

बाबांच्या मते आंबेगावकर हिशेबी. चहा पाजतील, पण कप खाली ठेवायच्या आत तुमच्याकडून कांद्याचा भाव काढून घेतील. यावर आईचं ठरलेलं उत्तर, "पाणी कुणाचं पिता?" डिंभे धरण आंबेगावात, आणि त्याचा डावा कालवा जुन्नरच्या येडगाव धरणात पाणी नेतो. इथे बाबांना अचानक टीव्हीवरची बातमी महत्त्वाची वाटते. तह होतो तो फक्त मासवडी आणि बैलगाड्यांवर.

या मॅचमध्ये तिसरी टीम कधी नसतेच. दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगर, तिथली महादेव कोळी गावं. त्यांच्याविषयी आई-बाबांचं चक्क एकमत आहे. ती माणसं भोळी!

माझी मास कॉमची मैत्रीण त्याच डोंगरातली, डिंभ्याच्या वरच्या अंगाची. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याबरोबर मंचरला आजोळी आली. जेवताना मामा अगदी कौतुकानं म्हणाला, "तुमच्याकडची माणसं लई भोळी, पोरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती जेवत राहिली.

मला तो शब्द टोचला. ऑफिसात ज्याला 'साधा' म्हणतात, शनिवारची शिफ्ट त्याच्याच गळ्यात पडते, हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि भोळे कसले? याच डोंगरातल्या जांभोरीचा होन्या केंगले १८७० च्या दशकात सावकारांवर तुटून पडला. त्याच्या माणसांनी सावकारांची नाकं कापली. १८७६ मध्ये तो पकडला गेला. अलीकडचं बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचं नुकसान झालं, तेव्हा भरपाईसाठी याच लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली.

पाण्याचं तर काय सांगू! ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. जमिनी वरच्यांच्या बुडाल्या, ऊस खालच्यांचा उभा राहिला. धरणाच्या वर उन्हाळ्यात आजही हंड्यांची रांग लागते. आमच्या आजोळचा फेमस हिशेबीपणाही फार जुना नाही. मामाच्या लहानपणी तिथे बाजरी आणि उसनवारी होती. कालवा आला, मग नगदी पीक, मग रोज सकाळी बाजारभाव विचारायची सवय. त्याआधी मंचरच्या पेठेत आजोबांना काय म्हणत असतील? मला दाट संशय आहे, भोळाच.

हे सगळं मी तिथे बोलणार होते. पण मैत्रिणीनं हात धुतले आणि शांतपणे विचारलं, "मामा, आम्ही भोळे आहोत म्हटलं की हिरडा स्वस्तात मिळतो ना?"

मामी वाढता वाढता थांबली. मामानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग लग्नाची एक जुनी पत्रिका ओढली, पाठकोरी बाजू वर केली आणि खिशातलं पेन काढलं.

"औंदा काय भावानं घातला?"

तिनं आकडा सांगितला.

"वाळवून का ओला? आणि टेम्पोभाडं कुणी भरलं?"

"वाळवून. भाडं आम्हीच."

"मग लुटलं की तुम्हाला!"

"ते माहितेय," ती म्हणाली. "पुढचा व्यापारी कोण, ते सांगा."

मी आणि मामी मासवड्या गार होताना बघत बसलो. पत्रिकेची ती बाजू भरली, तेव्हा मामानं कॅलेंडरचं पान फाडलं.